न्यायालय उठेपर्यंतची शिक्षा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वाहन अपघातांच्या खटल्यांतील शिक्षा लोकांना सौम्य वाटतात, कारण निकालपत्र वाचण्याची त्यांची तयारी नसते, असा सूर आपण कालच्या अग्रलेखात लावला आहे. मी एक निकालपत्र वाचले आहे. फार कष्ट पडले नाहीत, ते दीड पानाचे होते.

माझे मेहुणे सायकलवरून कामावर निघाले असताना मागून आलेल्या मोटारीखाली सापडून गेले. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ खाली खटला उभा राहिला, साडेआठ वर्षे तारखा पडत राहिल्या, आणि अखेर आरोपीने गुन्हा कबूल केल्यावर त्याला न्यायालय उठेपर्यंत कैद आणि 5,000 रुपये दंड झाला. या शिक्षेत आरोपीला कोठेही नेत नाहीत. दिवसाचे कामकाज संपेपर्यंत त्याने न्यायालयातच बसून राहायचे असते. तो मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला मी व माझी बहीण बसलो होतो. आम्हालाही उठून जावेसे वाटेना, म्हणून साडेपाचपर्यंत आम्हीही तेथेच होतो. म्हणजे दंडाची रक्कम वगळली, तर त्या दिवशी तिघांनाही सारखीच शिक्षा झाली.

आपला अशील घरातील एकटाच कमावता असून वृद्ध आई व दोन मुले त्याच्यावर अवलंबून आहेत, असे आरोपीच्या वकिलांनी सांगितले. ते खरे असावे. माझे मेहुणेही घरातील एकटेच कमावते होते, परंतु ते कोणी सांगितले नाही. सरकारी वकिलांपुढे त्या दिवशी इतर प्रकरणांचा ढीग होता. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने बहिणीला जी भरपाई दिली, ती विमा कंपनीने भरली. वाहन चालविण्यास अपात्र ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याने न्यायालयाला दिलेला आहे, पण परवान्याचा विषय निघालाच नाही. साडेपाच वाजता तो गृहस्थ स्वतःची गाडी स्वतः चालवत आवाराबाहेर पडला.

न्यायाधीशांविषयी माझ्या मनात आकस नाही. निकाल सांगताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही, यावरून तो त्यांनाही फारसा आवडला नसावा, असा माझा आपला समज आहे.

आता कायदा कडक झाला, हा आपला दुसरा मुद्दा. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 ने निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली, हे खरे आहे. किमान शिक्षा मात्र तेव्हाही नव्हती आणि आजही नाही, आणि न्यायालय उठेपर्यंत बसून राहणे हीसुद्धा कैदच धरली जाते. अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद देणारे पोटकलम तर चालकांच्या संपानंतर बाजूला ठेवले गेले आणि 1 जुलै 2024 रोजी संहिता लागू झाली ती त्याच्याविनाच.

शिवाय शिक्षा सौम्य वाटणे हा केवळ अडाणी वाचकांचा रोग नाही. वांद्र्याच्या कार्टर रोडवर 2006 साली पदपथावर झोपलेल्या सात जणांचा जीव गेला, त्या खटल्यात सत्र न्यायालयाने सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने गंभीर कलम लावून तीन वर्षे दिली आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मृत तेच आणि मोटारही तीच. पंजाबातील एका प्रकरणात उच्च न्यायालयाने एक वर्षाची कैद 24 दिवसांवर आणली होती. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांची केली. त्या न्यायमूर्तींनाही निकालपत्र वाचण्याचा कंटाळा होता, असे आपले म्हणणे आहे काय?

जाता जाता आणखी एक. आपल्या त्याच अंकात ‘भरधाव मोटारीने दोघांना चिरडले’ असा मथळा आहे आणि चालकाचा उल्लेख थेट शेवटच्या ओळीत येतो. जणू मोटार स्वतःच घरातून निघाली होती. माझ्या मेहुण्यांच्या बातमीचा मथळाही जवळपास हाच होता. ते कात्रण बहिणीने जपून ठेवले आहे. हवे असल्यास प्रत पाठवतो.

आपला,
एक जुना वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)