खेळण्यांची खोली आता तुमची

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

एवढा लांब मेसेज बघून घाबरू नका, सगळे ठणठणीत आहेत. फोनवरच सांगणार होते, पण फोनवर काय होतं माहितीये ना, आई एकदम गप्प होते आणि बाबा "बरं बरं, ठेवतो, बिल वाढतंय" म्हणतात. (आता बिल वाढत नाही बाबा, कितीदा सांगू.) म्हणून टाइप करतेय. अक्षर मोठं करून वाचा, आणि आधी चष्मा शोधा, टीव्हीवर असेल.

तर झालंय असं की पोरांची खेळण्यांची खोली मी रिकामी केली. करायचा विचार आहे असं नाही, केली. महालक्ष्मीची दोघांची तिकिटं काढलीत, दोन्ही लोअर बर्थ आहेत, कल्याणला हा येईल गाडी घेऊन. मागच्या वेळी हॉलमध्ये दिवाणावर झोपून आईची पाठ धरली होती ती मी विसरले नाहीये, आणि तू "काही नाही गं, बरी आहे" म्हणत बाम लपवून लावत होतीस तेही मला दिसत होतं. आता त्या खोलीत पलंग टाकलाय, उंच आहे, गुडघ्यावर जोर न देता उठता येईल. बाथरूममध्ये हँडल बसवलंय, कमोडशेजारी एक आणि नळाखाली एक. पंख्याचा रेग्युलेटर बदलला, बाबांना एक नंबरवर चालणारा पंखा लागतो. तुझ्या बाळकृष्णासाठी खिडकीपाशी फळी ठोकून घेतली, सकाळचं ऊन येतं तिथं. पेपरवाल्यालाही सांगून ठेवलंय.

आता जे सांगायला जीभ जड होतेय ते. त्या खोलीतली अर्ध्याहून जास्त खेळणी मी देऊन टाकली. त्यात तुम्ही दिवाळीत आणलेलंही होतं, सईचं ते लाइटवालं गुलाबी ड्रेसिंग टेबल आणि राघूची रिमोटची जीप. आई, लगेच डोळ्यात पाणी आणू नकोस गं. बाबांच्या पेन्शन नसलेल्या पैशातून आणलेली वस्तू आहे हे मला कळतं, आणि तू कराडच्या त्या दुकानात दोन तास उभी राहून घेतलीस हेही मावशीनं सांगितलंय. देताना मी दोनदा जिन्यातून परत वर आणलं होतं ते टेबल. खालच्या अंगणवाडीत दिलंय. आता तू म्हणशील, स्वतःच्या मुलीला नको तर दुसऱ्यांच्या मुलींना कसं चाललं? अगं तिथं पंचवीस-तीस पोरांत ते एकच आहे ना, त्यामुळे मुलगेपण आरशासमोर नंबर लावून केस विंचरतात, मुलींची जीपसाठी मारामारी असते, आणि गुलाबी कुणाचं निळं कुणाचं हा प्रश्नच उरत नाही. आमच्या घरात मात्र तो प्रश्न रोज होता. राघूनं टेबलाला हात लावला की सई ओरडायची "ते गर्ल्सचं आहे" आणि तिनं जीप घेतली की तो रडायचा "बॉईजचं, बॉईजचं". भाऊबहीण एका खोलीत पाठीला पाठ लावून खेळत होते. आपण आणलेल्या वस्तूंनी.

पण खरं कारण वेगळं आहे. मागे आम्ही मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात गेलो होतो. दारातच ताई विचारते, "बॉय की गर्ल?" वय नंतर. एका बाजूची रांग सगळी गुलाबी, मेकअप, नेलपॉलिश, बाळाचं डायपर बदलायचा सेट, छोटा झाडू-पोछा. दुसऱ्या बाजूला बंदुका, गाड्या, डायनासोर, आणि सायन्सचं सगळं सामान तिकडं, जणू झुरळ बघायला मायक्रोस्कोप मुलग्यांनाच लागतो. सईनं एक मायक्रोस्कोपचा खोका उचलला, आई तुला माहितीये ती किडे कशी बघते, पोटावर झोपून. खोका उलटा केला, सुलटा केला आणि परत ठेवला. म्हटलं का गं? तर म्हणे, "हे मुलांचं आहे." कुणी सांगितलं? "चित्रात मुलगाच आहे ना." घरात कुणी तिला असलं कधी शिकवलं नाही, तू तर नाहीच नाही, तुझ्या वर्गात मुली पाढ्यांत पहिल्या असायच्या. खोक्यावरच्या एका फोटोनं शिकवलं. त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही.

तुला एक सांगते, चीड येईल तुला. १९९२ मध्ये बार्बीची बोलणारी बाहुली आली होती अमेरिकेत, बटण दाबलं की वेगवेगळी वाक्यं बोलायची, त्यात एक होतं, गणिताचा तास फार अवघड असतो बाई! लोकांनी आरडाओरडा केल्यावर कंपनीनं ते वाक्य काढलं. म्हणजे बघ, तू इथं जिल्हा परिषदेच्या शाळेत चिंचोके वाटून मुलींना भागाकार शिकवत होतीस आणि तिकडं बाहुली हे शिकवत होती.

आणि बाबा, हे तुमच्यासाठी. मला सांगा, दुकानात तुम्ही कधी गिऱ्हाइकाला मुलगा की मुलगी विचारलंत? तुम्ही विचारायचात "केवढं पोरगं आहे?" बास. पालीच्या यात्रेत आपला स्टॉल लागायचा, म्हाळसा-खंडोबाच्या लग्नाची गर्दी, भंडाऱ्यानं सगळा माल पिवळा व्हायचा, भिंगऱ्या, पिपाण्या, डमरूची गाडी, आणि ती पत्र्याची बोट. तुम्ही परातीत पाणी घ्यायचात, बोटीच्या नळ्यांत पाणी भरायचात, वात पेटवून आत सरकवायचात आणि मग ती फटफट फटफट करत गोल फिरायला लागली की तोबा गर्दी. मी परातीच्या काठाला नाक टेकवून बसायचे, वातीच्या तेलाचा वास नाकात जायचा, आणि तुम्ही लोकांना सांगायचात, "माझी पोरगी स्वतः पेटवते बघा." मी पेटवायचे पण! सात-आठ वर्षांची असेन. कुणी म्हटलं नाही की बोट मुलांची.

तुम्हीच म्हणाल, धंदा आहे, रंग वेगळे केले तर काय बिघडलं. तर धंद्याचंच बोलूया. दादाची लाल सायकल आठवते? दादा चालवून झाल्यावर ती मला आली, मग आत्याच्या पिंकीला, मग शेवटी मंगेशला, त्यानं ती कोयनेच्या घाटावरून खाली घातली ते सोडा. चार पोरं, एक सायकल. आता तीच सायकल गुलाबी केली, पुढे बास्केट आणि हँडलला झिरमिळ्या लावल्या की धाकट्या भावाला ती चालत नाही, त्याला निळी घ्यावीच लागते. खेळणं दोनदा विकायची युक्ती आहे ही बाबा, तुम्ही आयुष्यभर गल्ल्यावर बसलात, तुम्हाला मी काय सांगणार. पूर्वी कंपन्यापण अशा नव्हत्या सगळ्या. ते ठोकळे जोडायचे लेगो असतात ना, त्या कंपनीनं १९७४ च्या सुमाराला खोक्यात आईबापांसाठी चिठ्ठी घातली होती, की काहीतरी बनवायची हौस मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखीच असते, कितीतरी मुलांना बाहुलीघर आवडतं आणि मुलींना यान, हवं ते करू द्या. त्याच कंपनीनं २०१२ मध्ये मुलींसाठी जांभळ्या-गुलाबी खोक्यांची वेगळी मालिका काढली, त्यात कॅफे, पार्लर वगैरे. खपलीपण ती जोरात. मग २०२१ मध्ये म्हणाले की आम्ही आता मुलगा-मुलगी भेद काढायच्या मागे लागणार. विकून झाल्यावर सुचतं सगळं.

नुसते रंगाचेच ताप नाहीत. राघू साडेचार वर्षांचा, तो खेळणं उघडताना स्वतःशीच बोलतो, "तो चलो गाइज" म्हणून सुरू आणि शेवटी "सबस्क्राइब करा". मोबाईलवर दुसऱ्यांची पोरं खोके फोडताना बघून बघून. ते अंडं असतं ना, आत कुठलं खेळणं निघेल माहीत नसतं, सगळे प्रकार गोळा करायचे, त्याचा तर त्याला नादच लागला होता, उघडलं, बघितलं, फेकलं, पुढचं. खेळत नव्हताच, नुसतं उघडत होता. दादा म्हणतो तिकडं स्वीडनमध्ये बारा वर्षांखालच्या पोरांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करायला १९९१ पासून बंदी आहे. आपल्याकडं कार्टूनच्या मधे जाहिरात की जाहिरातीच्या मधे कार्टून हेच कळत नाही. (दादाला तिथं बसून ज्ञान द्यायला सोपं आहे, त्याची पोरंपण मोबाईलवरच असतात, मी बघितलंय व्हिडिओ कॉलवर.)

तर आता घरात एक टोपली ठोकळ्यांची, गाड्या, प्राण्यांचा डबा, रंग, आणि भातुकली. भातुकली माझीच, आई, तू जपून ठेवलेली पितळेची, ती कोण देणार. तीच दोघं खेळतात. राघू चूल मांडतो आणि सई त्याला बिल देते, ती हॉटेलची मालक आहे म्हणे.

आणि ठमी बाहुलीपण आहे. तिला कोण हात लावणार, राघूची झोप तिच्याशिवाय होत नाही. बाबा, दिवाळीनंतर ती माळ्यावर सापडली. कुणी ठेवली ते मी विचारत नाहीये. मला माहितीये तुम्हाला काळजी वाटते, शाळेत पोरं हसतील, "बायल्या" म्हणतील. हसतीलही. पण मी पहिली-दुसरीत असताना आईची पाटणला बदली झाली होती, पावसात तिकडंच अडकायची ती, तेव्हा माझ्या वेण्या कोण घालायचं? एक वेणी कानावर आणि एक मानेवर, रिबीन तोंडात धरून, गल्ल्यावर गिऱ्हाईक थांबलेलं आणि तुम्ही म्हणताय "थांबा हो, पोरीची वेणी चाललीय". आजारी पडले की तुमच्या हातची मुगाची खिचडीच हवी असायची मला, आईची नाही. आई वाचतेयस, सॉरी, पण खरं आहे. राघू बाहुलीला भात भरवतो तेव्हा मला तुम्ही दिसता. त्याला हसणाऱ्यांचं मी बघून घेईन, तुम्ही फक्त त्याच्या हातातून बाहुली घेऊ नका. तो लगेच देऊन टाकतो, रडतसुद्धा नाही, नुसता बघत राहतो तुमच्याकडं. ते मला बघवत नाही.

आई, तुझं ते बालभारतीचं दुसरीचं पुस्तक, २०१९ चं, आईवडील दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र होतं, तूच फोन करून किती खुशीत सांगितलं होतंस, "आत्ता बरं सुचलं यांना". मग माझ्या राघूच्या वेळी "मुलगा आहे तो, त्याला बॅट आणते" असं का? आण ना बॅट. पण सईलापण खेळू दे तिनं. एवढंच म्हणणं आहे माझं.

आणि गुलाबीवर माझा राग नाही हं. सईला गुलाबी फ्रॉक आवडतो, ती घालते, छान दिसते. उद्या लिपस्टिक लावून हिंडली तरी चालेल मला. फक्त तिनं खोक्यावरचा फोटो बघून मायक्रोस्कोप परत ठेवायला नको.

तुम्हाला वाटेल ही फार शिकली, आता आजी-आजोबांच्या हौसेवरपण बंदी. तसं नाहीये. हौस करा, भरपूर करा, पण माझं ऐका. दोघांना वेगवेगळं काही आणायचं नाही. आणायचं तर एक, दोघांत मिळून, भांडू देत. बॅटरीचं आणलंत तर आयएसआय मार्क बघून, २०२१ पासून सक्तीचा आहे तो, आणि ती चपटी बटणासारखी सेल असलेली वस्तू अजिबात नको, राघू अजून सगळं तोंडात घालतो, सेल गिळला तर जिवावर बेततं. राघूच्या वाढदिवसाला हॉल घेतलेला नाही, घरीच आहे, आणि रिटर्न गिफ्टच्या दोन रंगांच्या पिशव्या नाहीत, सगळ्यांना कुंडीतलं एकेक रोप. सोसायटीतल्या बायका नाकं मुरडतील, मुरडू देत. आई, तू फक्त त्यांच्यासमोर "आमची जरा वेगळीच आहे" असं हसून म्हणू नकोस, मागच्या वेळी म्हणालीस.

बाबा, दुकान बंद केलं तेव्हाचा उरलेला माल अजून माडीवर पेटाऱ्यात आहे ना? त्यात एखादी बोट असली तर आणा. दोन असल्या तरी एकच आणा. पण माडीवर स्वतः चढायचं नाही, समोरच्या पोराला चढवा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अजून महिना झालेला नाही आणि डॉक्टरांनी वाकायला नाही सांगितलंय. थेंब चार वेळा, तीन वेळा नाही. मी आईला विचारणार आहे. आणि शुगरचा रिपोर्ट मला फोटो काढून पाठवा, "नॉर्मल आहे" असं लिहून चालणार नाही, मागच्या वेळी तुमचं नॉर्मल दोनशे चाळीस निघालं होतं.

खोली आवडली नाही, काही बदलायचं असलं तर तोंडावर सांगा, शेजारच्या काकूंमार्फत नको. आणि मनात राग असला तरी या. इथं येऊन रागवा, मी ऐकून घेईन.

तुमची,
बेबी

ता. क. ज्वारीचं पीठ आणू नका, खालीच गिरणी आहे, उगाच ओझं. आईचं बीपीचं मशीन मात्र आठवणीनं घ्या, आमच्याकडच्या मशीनवर तिचा विश्वास नाही.