शनिवारी सिनेगॉग पाहायला जा म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शुक्रवारच्या पुरवणीत टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, अर्धे पान दिलेत, फार बरे वाटले. १८७९ हे साल तरी बरोबर छापलेत. पण खालच्या चौकटीतले ‘शनिवारी सकाळी निवांत पाहता येईल’ हे वाक्य कोणाचे? सबाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री तीन चांदण्या दिसल्यावर सुटतो. तेवढ्या वेळात दिवा लावायचा नाही, लिहायचे नाही, पैशाला हात लावायचा नाही. फोटोचे तर नावच नको. आपला वाचक मात्र ऐन प्रार्थनेच्या वेळी मोबाइल उगारून फाटकात उभा! शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून कोकणातल्या ज्यूंना, म्हणजे बेने इस्रायलींना, ‘शनिवार तेली’ म्हणत, हे त्याच लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे. चौकट लिहिणाऱ्याने निदान तो तरी वाचायचा.

जायचेच तर रविवार ते गुरुवार, दिवसा, आणि व्यवस्थापनाला आधी विचारून. २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून ज्यूंच्या प्रार्थनास्थळांवर बंदोबस्त असतो. ओळखपत्र जवळ हवे, मोठ्या पिशव्या घरीच ठेवाव्यात. पुरुषांनी डोके झाकायचे. टोपी नसेल तर स्वच्छ रुमाल चालतो. दाराच्या उजव्या चौकटीवरची लहानशी डबी म्हणजे मेझुझा. तिच्यात हाताने लिहिलेले वचन असते, ती चाचपून पाहू नये. आत मध्यभागी कठड्याचा चौथरा दिसेल, तो तेबा. तिथून तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचतात, कोणी बोलावल्याशिवाय वर चढू नये. पडद्याआडच्या हेखालात, म्हणजे पवित्र कपाटात, तोराच्या गुंडाळ्या असतात. एखादी उघडलेली दिसली तरी बोट लावायचे नाही. घामाने आणि घासून चामड्यावरची शाई उडते, आणि एक अक्षर जरी गेले तरी ते दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनातून बाद. म्हणून वाचणारासुद्धा ओळीवर बोट न फिरवता सळई फिरवतो.

हेखाल ‘पूर्वेला’ असे आपण छापले आहे. युरोपातल्या सिनेगॉगचे वर्णन ठाण्याला चिकटवले की असे होते. हेखाल जेरुसलेमच्या दिशेला असतो, आणि जेरुसलेम लंडनहून पूर्वेकडे आहे, ठाण्याहून पश्चिमेकडे. लेखकाने आत पाऊल टाकले होते की नाही, ही शंका इथेच आली.

‘दसऱ्याच्या सुट्टीत मुलांना न्या’ हा सल्लाही त्याच तोडीचा. ज्यूंचे नवे वर्ष रोश हशाना आणि आपली घटस्थापना दोन्ही अमावास्येच्या हिशेबाने येतात. २०२४ आणि २०२५ मध्ये तर ती अगदी लागून आली होती. मग योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास, पौर्णिमेला सुक्कोथ हा मांडवांचा सण. आत ओळीने सण, बाहेर टेंभी नाक्यावर देवीची गर्दी. अशा वेळी पोरांना घेऊन तिथे गाडी कुठे लावायची, तेही चौकटीत लिहायचे होते.

जाता जाता आणखी एक. ‘जोडीला ठाण्याचा किल्लाही आतून पाहून घ्या’ असे लिहिले आहे. १७३० मध्ये पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला म्हणजे आजचे ठाणे मध्यवर्ती कारागृह. अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या क्रांतिकारकांना १९१० मध्ये तिथेच फाशी दिले. कैदी अजूनही तिथे आहेत. सहकुटुंब आत जायचे तर कोणता गुन्हा करावा, ते पुढच्या शुक्रवारच्या चौकटीत कळवावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार
चरई, ठाणे (प.)