चौकशी निलंबनापुरती नको

गंभीर आगींच्या सरकारी चौकशीवरील आपला अग्रलेख पटला. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके दगावली. नागपूरच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, निलंबनेही झाली. तरी तीनच महिन्यांनी नागपूरलगतच्या वाडीतील खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून रुग्णांचे बळी गेले. चौकशीने दोषी कोण एवढेच नव्हे, तर ठिणगी कुठे पडली, धूर कसा पसरला, दार का उघडले नाही, हेही शोधावे आणि तो अहवाल मराठीत प्रत्येक रुग्णालयापर्यंत पोहोचवावा. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय तर नागपुरातच आहे! त्यातील तज्ज्ञांना अशा प्रत्येक चौकशीत कायमचे स्थान द्यायला अडचण कसली?

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर