मीटरच्या साखळ्या करताना साखळी कोणती, तेही छापा

महोदय,

जुन्या हद्दींविषयी किंवा भूमापनाच्या इतिहासाविषयी लिहिताना आजचे मीटरमधील अंतर साखळी (जमीन मोजण्याची धातूची साखळी), कडी (तिचा शंभरावा भाग), रॉड (साडेसोळा फूट) अशा जुन्या परिमाणांत बदलून देण्याची पद्धत आता बरीच रुळली आहे. त्यासाठी मोबाइलवरील तयार साधने सर्रास वापरली जातात. आकडा घातला की क्षणात उत्तर मिळते, मात्र ते कोणत्या साखळीचे आहे याचा उल्लेख बहुधा कोठेच नसतो. हा उल्लेख गाळणे मला गैर वाटते, कारण साखळी नावाचे एकच एक माप कधीही नव्हते.

२५० मीटरचे अंतर घ्या. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये रूढ केलेली साखळी ६६ फुटांची, म्हणजे २०.११६८ मीटरची, तिच्या हिशेबाने हे अंतर १२ साखळ्या ४३ कड्या भरते. अभियंते वापरत ती १०० फुटी साखळी धरली, तर तेच अंतर ८ साखळ्या २० कड्या होते. मुंबई इलाख्याच्या मोजणीतील ३३ फुटी आणि १६ आण्यांत विभागलेल्या साखळीने ते २४ साखळ्या आणि सुमारे पावणेचौदा आणे येते. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण साखळीचे नाव काढून टाकले की तिन्ही निरुपयोगी ठरतात. यात भर म्हणजे मेट्रिक पद्धतीतही २० मीटरची साखळी आहे. ती गंटरच्या साखळीच्या इतकी जवळ आहे की गफलत नजरेस येत नाही. पण दर साखळीमागे पडणारा पावणेबारा सेंटिमीटरचा फरक ८० साखळ्यांच्या मैलात सव्वानऊ मीटरहून अधिक होतो.

गंटरच्या साखळीला शंभर कड्या का, हे समजून घेतल्याशिवाय हे रूपांतर नीट जमत नाही. ६६ फूट हा आकडा आज विचित्र वाटतो, पण क्रिकेटच्या खेळपट्टीची २२ यार्ड लांबी ती हीच. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो, म्हणून मोजणीदाराने लांबी-रुंदी कड्यांत लिहून गुणाकार केला आणि दशांशचिन्ह पाच घरे डावीकडे सरकवले की क्षेत्रफळ थेट एकरांत मिळत असे. चार रॉडची एक साखळी ही चाराच्या पटीतील जुनी व्यवस्था न मोडता तिच्यावर दशमान हिशेब बसवण्याची ही युक्ती मला भूमापनाच्या इतिहासातील फार मोठी गोष्ट वाटते. अमेरिकेतील सरकारी जमीन मोजणीत एक मैल बाजूचा चौरस ८० साखळ्यांचा आणि ६४० एकरांचा धरला गेला, तो याच हिशेबाने.

दुसरा आग्रह अचूकतेविषयी आहे. तयार साधन २५० मीटरचे उत्तर १२.४२७४२ साखळ्या असे देते, आणि त्यातला शेवटचा अंक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतका असतो. ज्या उपकरणाची सर्वांत लहान खूण सुमारे २० सेंटिमीटरची कडी होती, त्याच्या नावावर एवढी सूक्ष्मता चढवणे इतिहासाला धरून नाही. उत्तर जवळच्या कडीपर्यंत, फार तर अर्ध्या कडीपर्यंत द्यावे.

त्यातही साखळी स्वतः बदलत असे. कड्या जोडणारी लहान वळी एकमेकांवर घासून झिजत, तारा ताणल्या जात आणि साखळी लांबत असे. म्हणूनच ती ठरावीक काळाने पक्क्या खुणांशी ताडून पाहावी लागे. लंडनच्या गिल्डहॉलमध्ये ६६ आणि १०० फुटांच्या अशा खुणा फरशीत बसवलेल्या आहेत. लांबलेली साखळी कमी वेळा टाकावी लागते, त्यामुळे नोंद खऱ्या अंतरापेक्षा कमी येते. दोन इंच लांबलेल्या साखळीने पूर्ण मैल मोजला, तर ८० ऐवजी ७९ साखळ्या ८० कड्या अशी नोंद होईल. आजच्या टोटल स्टेशनने (इलेक्ट्रॉनिक मोजणीयंत्राने) मोजलेले अंतर साखळ्यांत बदलले आणि ते जुन्या नोंदीशी वीस कड्यांनी जुळले नाही, तर तेवढ्यावरून कोणी हद्द सरकवली असा निष्कर्ष काढू नये. आधी त्याच मोजणीतील इतर रेषाही त्याच प्रमाणात कमी भरतात का, ते पाहावे.

फुटाच्या व्याख्येचा प्रश्न त्या मानाने लहान आहे. १९५९ मध्ये ठरलेला आंतरराष्ट्रीय फूट ०.३०४८ मीटरचा आहे, तर अमेरिकेचा सर्वेक्षण फूट दहा लाखांत दोन भागांनी मोठा होता आणि २०२२ च्या अखेरीस तो अधिकृत वापरातून गेला. एका शेताच्या बांधावर हा फरक दिसणारही नाही. पण पाचशे किलोमीटर दूरच्या आरंभबिंदूपासून मोजलेल्या निर्देशांकांत (जागेचे स्थान सांगणाऱ्या आकड्यांत) तो एक मीटर होतो.

आपल्या वृत्तपत्रातील लेखांत आणि माहितीच्या चौकटींत अशी रूपांतरे येतील तेव्हा साखळीची फुटांतील लांबी कंसात द्यावी, उत्तर कडीपर्यंतच ठेवावे आणि मीटरचा मूळ आकडा शेजारी छापावा, अशी माझी विनंती आहे. मूळ आकडा समोर असला तर वाचकाला हिशेब स्वतः पडताळता येतो आणि चुकीची साखळी धरली गेली असल्यास तीही दुरुस्त करता येते.

आपला विश्वासू,
भूमापनाच्या इतिहासाचा एक अभ्यासक