आई, भेंडीत पाणी घातलं मी

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर आई म्हणाली की बाबांची नवी कवळी टोचते म्हणून आठवडाभर नुसता दहीभात आणि गुरगुट्या भातच चाललाय, तेव्हाच ठरवलं की हे लिहूनच पाठवायचं, कारण फोनवर सांगायला घेतलं की तुझी कुकरची शिट्टी होते आणि अर्धं लक्ष तिकडे.

तर विषय आहे भेंडी. हसू नका. इथे कैरोत भेंडीला बामिया म्हणतात आणि ती चक्क रश्शात शिजवतात, टोमॅटोच्या. हो आई, पाणी घालून, वर झाकण ठेवून. धुवायची, पुसायची, पंख्याखाली वाळवायची आणि मगच विळीवर घ्यायची, हे सगळं तुझ्याकडून ऐकत मोठी झालेली मी, त्यामुळे पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोटात गोळाच आला.

आणि पहिल्यांदा केली तेव्हा घोळच घातला. जुलैची गोष्ट. आपल्या सवयीने चकत्या केल्या, टोमॅटोत टाकल्या आणि डावाने ढवळत बसले. पाच मिनिटांत डाव उचलला की हातभर तार! नेमक्या तेव्हाच शेजारच्या तांत वाटी परत द्यायला आल्या (इथे काकू-मावशी-आत्या सगळ्यांना तांतच म्हणतात, फ्रेंचमधून आलाय तो शब्द), पातेल्यात डोकावल्या आणि कपाळाला हात लावून "या लहवी!" म्हणजे आपलं अगं बाई गं. मग मला खुर्चीत बसवलं आणि स्वतःच सुरी घेतली.

खरी गंमत त्या सुरीतच आहे. भेंडी घ्यायची अगदी बारकी, बोटाच्या दोन पेरांएवढी, आणि चिरायचीच नाही. देठाकडची टोपी पेन्सिलीला टोक करतो तशी गोल गोल तासायची, पण आतल्या बिया दिसता कामा नयेत. शेंग बंद राहिली की चीक आतच राहतो, बास. तांतचा हात एवढा भरभर चालतो की मी एक करेपर्यंत त्यांच्या पाच होतात. हिवाळ्यात मात्र फ्रोजन मिळते, सगळ्यात बारकीला बामिया झीरो म्हणतात, ती तासायचीही कटकट नाही.

आता कृती. तुम्हा दोघांना पाव किलो पुरे. एक कांदा तेलात मऊ करायचा, त्यात 3-4 लाल टोमॅटो किसून, मीठ, चिमूट जिरेपूड, आणि कच्चा वास जाईपर्यंत शिजवायचं. भेंडी वेगळी तेलावर दोन मिनिटं परतून त्यात सोडायची, बुडेल इतकंच गरम पाणी, अर्धं लिंबू पिळायचं, झाकण ठेवून मंद गॅसवर 20-25 मिनिटं. डाव घालायचा नाही आई, पातेलं दोन्ही हातांनी धरून नुसतं हलवायचं. आणि शेवटी फोडणी, तिला तालेया म्हणतात: 6-7 पाकळ्या लसूण आणि चमचाभर धणे खलबत्त्यात एकत्र कुटून तेलात लालसर करायचं आणि चर्रकन वर ओतायचं. धणेपूड डब्यातली नको, ताजीच कुट. वास खालच्या मजल्यापर्यंत जातो.

एरवी लोक यात मटण घालतात. बिनमटणाचीला ओर्देही म्हणतात. तांत कॉप्टिक, म्हणजे इथल्या जुन्या पंथाच्या, ख्रिश्चन आहेत, त्यांचे वर्षात 200 हून जास्त दिवस उपासाचे असतात, आणि आत्ता त्यांच्या 7 जानेवारीच्या नाताळापर्यंत 43 दिवसांचा चालू आहे. दूध, तूप, अंडं, मटण सगळं बंद, पण कांदा-लसूण चालतो! आपल्या आजीला लसणाच्या फोडणीचा उपास सांगितला असता तर तिने घरात घेतलं नसतं.

बाबा, तुमच्यासाठी एक खास. इथे टोमॅटोवाले "मगनूना या ऊता" ओरडतात, म्हणजे वेडा गं बाई टोमॅटो, कारण भाव आज एक उद्या एक. पेपरातला बाजारभाव वाचताना तुम्ही जे बोलता ना, तेच, फक्त अरबीत. आमच्या समोरच्या चौथ्या मजल्यावरच्या आजी तर भाव पटला तरच दोरीची टोपली खाली सोडतात, नाहीतर वरूनच भांडतात.

याच्यासोबत भात करा, पण खिरीसाठी आणलेल्या बारीक शेवया मूठभर आधी तेलावर तांबूस परतून मग त्यात तांदूळ घालायचे. बाबांना चावावंच लागणार नाही, भेंडी जिभेवर विरघळते. टोमॅटोच्या बिया कवळीखाली गेल्या की टोचतात, म्हणून त्यांच्यापुरता रस गाळून घे.

पहिल्यांदा तरी कांदा-लसूण मसाला घालू नका. बाबा, हे तुम्हाला सांगतेय. आई पाठमोरी झाली की डबा उघडता ते मला माहितीये.

आणि कवळी घासून घ्यायला कधी जाताय ते कळव, नुसतं "बघू" नको.

तुमची,
चिमी