भाड्याच्या घरातलं हीटिंग आणि अंघोळीचं पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅनडात शिकायला निघालेल्या मुलांसाठी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत जॅकेट, बूट, बँक खातं अशी सगळी माहिती येते. भाड्याच्या घरातल्या हीटिंगबद्दल मात्र काहीच वाचायला मिळत नाही. मी मूळचा मिरजेचा, सध्या मिसिसागात इमारतींच्या देखभालीचं काम करतो, म्हणून हे पत्र.

टोरांटो परिसरातल्या काही टाउनहाउसमध्ये घर तापवायला वेगळी भट्टी नसते. अंघोळीच्या टाकीतलंच गरम पाणी पंपाने तांब्याच्या कॉइलमधून, म्हणजे वेटोळ्या नळीतून, फिरवतात. पंखा त्या कॉइलवरून हवा ढकलतो, घर उबदार होतं आणि निवलेलं पाणी परत टाकीत येतं. लहान घराला ही सोय चांगली आहे, तिला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. ओळीने तिघांच्या अंघोळी झाल्या की हवा जरा गार लागते, एवढंच.

काळजी आहे ती उन्हाळ्याची. हीटिंग बंद असलं की कॉइलमधलं पाणी महिनोन्‌महिने जागचं हलत नाही. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो. ऑक्टोबरात थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान ठरवणारं बटण, चालू केलं की तेच पाणी टाकीत आणि तिथून शॉवरला. तुषारांबरोबर जिवाणू फुप्फुसात गेला तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. धोका जास्त असतो तो वयस्कर आणि मधुमेही माणसांना, म्हणजे मुलांकडे राहायला येणाऱ्या आई-वडिलांनाच. गेल्या वर्षी एका बेसमेंटमध्ये मी कॉइलची नळी सोडवली, तर बादलीत तांबूस, कोंदट वासाचं पाणी पडलं. वरच्या मजल्यावर त्याच टाकीच्या पाण्याने लहान मूल अंघोळ करत होतं.

त्यात बिल वाचवायला काही घरमालक टाकी ४५ अंशांवर आणतात. हे तर फारच वाईट. टाकी ६० अंशांवरच हवी. भाजू नये म्हणून पुढे गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह असतो. इथल्या ऑन्टारियो प्रांताच्या बांधकाम नियमांत शॉवरच्या पाण्याला ४९ अंशांची मर्यादा आहे.

उपाय अवघड नाही. पंपाला टायमर लावून उन्हाळ्यातही तो रोज काही मिनिटं फिरवायचा. त्याहून चांगलं म्हणजे मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर, म्हणजे पाणी न मिसळता फक्त उष्णता पुढे देणारं उपकरण, बसवायचा. मग हीटिंगचं पाणी वेगळं राहतं, नळाचं वेगळं. जिथे पाणी एकच आहे तिथे ग्लायकॉल (पाणी गोठू नये म्हणून घालतात ते द्रव्य) किंवा गंजरोधक रसायन कधीही घालू नये, आणि जुने लोखंडी रेडिएटर तर जोडूच नयेत.

घर बघायला गेलेल्या मुलांनी एवढंच विचारावं: हीटिंगचं आणि अंघोळीचं पाणी एकच आहे का, आणि उन्हाळ्यात पंप फिरतो का? घरमालकाला सांगता आलं नाही तर प्लंबरला बोलावून बघायला लावावं. शक्य झाल्यास हे पत्र सप्टेंबरच्या आत छापावं, कारण त्यानंतर इकडे हीटिंग सुरू होतं.

आपला,
एक मिरजकर वाचक, मिसिसागा (कॅनडा)