मॅडम, त्या दिवशी खोंडं डोंगराला गेली नव्हती

डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

तुमची बदली झाली तेव्हा मी ऊसतोडीच्या गडबडीत होतो, निरोपाला येता आलं नाही. म्हणून हे पत्र. आभाराचं आहे, पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे.

गेल्या साली वैशाखात तुम्ही लशीचा डबा घेऊन आमच्या वस्तीवर आलात. मी गाय आणि दोन म्हशी पुढं केल्या आणि म्हणालो, "खोंडं आन् कालवड डोंगराला गेल्याती." कुठंही गेली नव्हती. घरामागं चिंचेखाली बांधून पोराला तिथं बसवलं होतं, हंबरली तर वैरण टाक म्हणून. तीन दिवसांनी जतचा एक व्यापारी खिलार जोडी बघायला येणार होता. आदत खोंडं, म्हणजे अजून दुधाच्या दातांची, एका रंगाची, एका उंचीची. लशीची गाठ मानेवर उठली की तो दर पाडणार, हे माझं गणित. खरसुंडीच्या यात्रेत नाही तर निदान घरी तरी चांगला भाव येईल, असं वाटत होतं. तो आला, खोंडांच्या पाठीवर हात फिरवला, मी सांगितल्याच्या निम्म्यानं मागितली आणि चहा पिऊन गेला.

मृगाचे दोन पाऊस झाले. उन्हाळ्यात शेततळं खणलं होतं, त्याची माती बांधालगत पसरलेली. तिच्यावर कोवळं गवत उठलं आणि खोंडं मातीसकट ओरबाडायला लागली. एका सकाळी त्यातलं एक मागच्या पायानं लंगडत आलं. आबा म्हणाले मुका मार असेल, विटेनं शेका. दुपारी डाग द्यायचीही बोलणी झाली. तिन्हीसांजेला मांडीच्या फऱ्यावर सूज चढली होती. मी दाबून बघितलं तर कातड्याखाली चरचर वाजलं, वाळल्या पाचोळ्यावर हात पडावा तसं. तेव्हा तुम्हाला फोन केला.

तुम्ही पहाटे आलात. तोवर मघाची गरम, ठणकणारी सूज गार पडली होती आणि हात लावला तरी खोंड पाय ओढत नव्हतं. मला वाटलं उतार पडला. तुम्ही एकच शब्द बोललात, फऱ्या. आबा खाली बसले. "एकटांग्या," म्हणाले, फऱ्याचंच जुनं नाव, "आमच्या लहानपणी ह्याच रानात झाला हुता." मेलेली जनावरं तेव्हा कुठं टाकली, हे तुम्ही विचारलंत आणि आबांनी शेततळ्याकडं हात केला. ह्या रोगाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात, खणलं की वर येतात, हे मला त्या हाताकडं बघताना कळलं. पोसलेली तरणी जनावरंच तो आधी धरतो, सहा महिने ते दोन वर्षांची. म्हणजे मी चिंचेखाली लपवली होती नेमकी तीच.

पेनिसिलिन दिलंत, पण उशीर झालाय हेही तोंडावर सांगितलंत. दुपारी खोंड गेलं.

खरे आभार त्यापुढच्या चार तासांचे. कातडं सोलायला माणूस आला होता. तुम्ही म्हणालात, सुरी लावायची नाही, रक्त मातीत सांडलं की पुढची कितीतरी वर्षं ही जागा जनावर मागत राहील. मग आमच्या मुरमाड रानात सहा फूट खड्डा. पहार उडायची, ठिणग्या निघायच्या. गडी दोनदा म्हणाले, बास झालं की मॅडम. तुम्ही छत्री मिटून काठी म्हणून खड्ड्यात उभी केलीत आणि मापलंत. खाली चुना, वर चुना, खोंडाखालची वैरण जाळली, तेव्हा कुठं तुम्ही पाणी प्यालात.

त्यानंतर सगळ्या जनावरांना थर्मामीटर लावलं. कालवडीला 105 ताप होता, तिला पेनिसिलिन. ती वाचली, आता गाभण आहे. बाकीच्यांना लस. दर वेळी सुई भरण्याआधी बाटली हलवायची, 2 ते 8 अंशांत ठेवायची पण बर्फाला चिकटू द्यायची नाही, हे तुम्ही पोराला दाखवलंत. तो अजून दुधाची बाटली तशीच हलवतो, आई ओरडते.

मग तुम्ही नोंदवही काढली. कानातल्या बिल्ल्यांचे बारा-बारा आकडे. मी खांद्यावरून डोकावलो. माझ्या नावापुढं सहा आकडे, तिघांपुढं वैशाखातली खूण, तिघांपुढं रिकामा रकाना. म्हणजे डोंगराची गोष्ट तुम्हाला तेव्हापासूनच ठाऊक होती. मी मान खाली घालून वाट बघत उभा. तुम्ही पेन हातात धरून एवढंच विचारलंत, "आता सगळी आहेत ना?"

मॅडम, त्या जागी मी असतो तर चार माणसांत वाभाडे काढले असते.

त्या दिवशी तुम्ही खालच्या तिन्ही वस्त्या केल्यात. तिथंही बरीच जनावरं अचानक डोंगरावरून परत आली. लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर शेततळ्याकडं चारायची नाहीत, असं सांगून गेलात आणि मधे दोनदा बघायलाही आलात. गावात पुन्हा जनावर गेलं नाही. (आमच्याकडं अजून सगळे तिला घटसर्पाचीच लस म्हणतात. घटसर्प वेगळा, त्याचा जंतू वेगळा, एका टोचणीत दोन्ही बसतात, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत! आबा मान डोलवतात आणि पुन्हा तेच म्हणतात.) आणि हो, लशीनं दूध आटतं ही ओरड. मी मापलं. गाईचं दोन दिवस अर्धा लिटर कमी आलं, तिसऱ्या दिवशी जिथल्या तिथं.

बेंदराला एकाच खोंडाची शिंगं रंगवली. जोडीची झूल घडी घालून ठेवलीय.

यंदा नवे साहेब पाऊस लागायच्या आधीच आले. मी सकाळी सहालाच सगळी जनावरं दावणीला ठेवली होती. उरलेल्या खोंडाच्या मानेवर लिंबाएवढी गाठ उठली. आठवड्यात तोच जतचा व्यापारी आला, कुणाच्या तरी एकट्या बैलाला जोड बघत होता. मी आपणहून गाठ दाखवली. त्यानं बोटानं दाबली, "लशीची हाय व्हय," म्हणाला आणि दात बघायला पुढं सरकला.

आपला,
शेततळ्याजवळचा खोंडवाला
(ता. आटपाडी, जि. सांगली)